कवी, गाव आणि उत्सव : मिस्त्रालच्या प्रोव्हान्समधील ग्रामाभिमानाचा इतिहास

लेखकाचा ग्रामाभिमान ही साहित्येतिहासात बहुधा चरित्राच्या तपशिलात जमा होणारी गोष्ट असते. अमुक लेखकाचे आपल्या गावावर प्रेम होते, त्याच्या लेखनात तेथील माती, बोली, सणवार यांचे चित्रण आढळते, एवढे नोंदवून चरित्रकार पुढे जातो. हा अभिमान गावाच्या उत्सवात प्रकट होतो तेव्हा तर त्याची चिकित्सा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. उत्सवाच्या दिवशी प्रत्येकालाच आपल्या गावाचा अभिमान वाटतो, तसा तो कवीलाही वाटला, यात विचार करण्यासारखे काय आहे, अशी ही भूमिका असते. परंतु ग्रामाभिमान ही एकजिनसी आणि स्थिर भावना नव्हे. ती भाषा, भूमी, मालमत्ता किंवा पोशाख यांपैकी कशाच्या आधाराने व्यक्त होते, यावर तिचा वाङ्मयीन अर्थ अवलंबून असतो. आणि हा आधार एकाच लेखकाच्या हयातीत बदलू शकतो. दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताचा कवी फ्रेदेरी मिस्त्राल (१८३०–१९१४) याच्या बाबतीत हा बदल विशेष स्पष्टपणे पाहता येतो. त्याच्या चरित्रात आणि काव्यात तीन उत्सव ठळकपणे समोर येतात. पहिला त्याच्या 'मिरेयो' (१८५९) या महाकाव्यातील, दुसरा त्याच्या मायान या गावचा (१८६६) आणि तिसरा त्याने स्वतः आर्ल या शहरात सुरू केलेला (१९०३). या तीन उत्सवांत कवीचे स्थान कोठे आहे, याचा शोध घेतला असता ग्रामाभिमानाचा आधार जिभेवरून अंगावर, म्हणजे भाषेकडून पोशाखाकडे, कसा सरकत गेला हे ध्यानात येते.

१

मिस्त्रालचा जन्म आव्हिन्यों शहराच्या दक्षिणेस असलेल्या मायान या लहानशा गावाजवळच्या शेतमळ्यावर झाला. वडील सधन शेतकरी होते. घरात, शेतात, बाजारात सर्वत्र प्रोव्हान्साल भाषाच बोलली जात असे. फ्रेंच ही शाळेची, कचेरीची आणि शहरी प्रतिष्ठेची भाषा होती. आव्हिन्यों येथील शाळेत जोझेफ रूमानिय हा शिक्षक मिस्त्रालला भेटला. रूमानिय एका माळ्याचा मुलगा होता. आपल्या आईला फ्रेंच कविता कळत नाही म्हणून त्याने प्रोव्हान्सालमध्ये लिहावयास सुरुवात केली, असे सांगितले जाते. एक्स येथे कायद्याचे शिक्षण पुरे करून मिस्त्राल १८५१ साली गावी परतला आणि वकिली न करता काव्यलेखनाकडे वळला. २१ मे १८५४ रोजी सात कवींनी एकत्र येऊन 'फेलिब्रिज' या संघटनेची स्थापना केली. या भाषेची लेखनपद्धती निश्चित करणे, तिच्यात पंचांग, गद्य, काव्य निर्माण करणे आणि तिची गेलेली प्रतिष्ठा तिला परत मिळवून देणे हे या संघटनेचे कार्य होते.

येथे एक ऐतिहासिक पार्श्वभूमी लक्षात घेणे आवश्यक आहे. बाराव्या–तेराव्या शतकांत दक्षिण फ्रान्सच्या याच भाषाकुलात त्रुबादूर कवींनी युरोपातील प्रेमकाव्याची परंपरा घडवली होती. ही भाषा म्हणजे फ्रेंचचा अपभ्रंश असलेली एखादी गावंढळ बोली नव्हती. तिला फ्रेंचइतकाच जुना वाङ्मयीन वारसा होता. म्हणून मिस्त्रालच्या अभिमानाला दोन टोके होती. एक मायानच्या अंगणात होते, दुसरे सहा शतकांपूर्वीच्या राजदरबारात. संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर, जी भाषा आता केवळ 'देशी' म्हणून उरली होती ती एके काळी स्वतःच 'मार्गी' होती, ही जाणीव या चळवळीच्या मुळाशी होती. साध्या ग्रामप्रेमाहून ही जाणीव वेगळी आहे. तिच्यात हक्काची भाषा आहे.

२

'मिरेयो' हे बारा सर्गांचे काव्य १८५९ साली आव्हिन्यों येथे प्रसिद्ध झाले. लामार्तिनने त्याचे उत्स्फूर्त स्वागत केले आणि मिस्त्रालचे नाव पॅरिसमध्ये दुमदुमले. पुढे १८६४ मध्ये गूनोने त्यावर ऑपेरा रचला. कथानक साधे आहे. मेस्त रामून या धनाढ्य शेतकऱ्याची मुलगी मिरेयो आणि बुरुड मेस्त आंब्रोय याचा मुलगा व्हिन्सेन यांचे एकमेकांवर प्रेम जडते. तिला मागणी घालणाऱ्या तिघा श्रीमंतांना ती नकार देते. त्यांपैकी ऊरियास हा बैलांना वठणीवर आणणारा गडी सूडाने व्हिन्सेनला जखमी करतो. बापाचा विरोध पाहून मिरेयो रात्री घर सोडते, सेंत-मारी-द-ला-मेर येथील संतांच्या देवळाकडे क्रोचे उजाड माळरान तुडवीत निघते, उन्हाचा तडाखा बसून कोसळते आणि त्या देवळातच प्राण सोडते.

हे काव्य म्हणजे प्रोव्हान्सच्या ग्रामजीवनाचे गौरवगान आहे, असे सर्रास म्हटले जाते. काव्याच्या आरंभी कवीने आपले श्रोते मेंढपाळ आणि शेतमळ्यांवरची माणसे आहेत असे जाहीर केलेलेच आहे. रेशमाच्या किड्यांची जोपासना, तुतीची पाने खुडणे, मेंढरांचे कळप, मळणी यांची तपशीलवार वर्णने काव्यात विपुल आहेत. परंतु सातव्या सर्गातील उत्सवाचा प्रसंग नीट वाचला तर हे गौरवगान किती गुंतागुंतीचे आहे ते कळते. हंगामाचे दिवस आहेत. कापणीला आलेल्या मजुरांनी रामूनचा मळा भरलेला आहे. अशा वेळी आंब्रोय आपल्या मुलासाठी मागणी घालावयास येतो. दोन्ही म्हाताऱ्यांनी तारुण्यात युद्धे पाहिलेली आहेत. रामून म्हणतो की युद्धाहून परतल्यावर आपण माती उकरली, घाम गाळला आणि हा मळा उभा केला. आंब्रोयच्या वाट्याला देशसेवेच्या बदल्यात दारिद्र्य आलेले आहे, पण त्याचाही ताठा कमी नाही. दोघेही स्वाभिमानी, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांच्या अभिमानाच्या मध्ये मिरेयो भरडली जाते. हा कलह शमलेला नसतानाच सेंट जॉनच्या पूर्वरात्रीची होळी पेटते आणि कापणीचे मजूर तिच्याभोवती नाचू लागतात.

हा उत्सव सामूहिक आनंदाचा आहे, यात शंका नाही. मात्र त्याच्या उजेडात जे दिसते ते समूहाचे ऐक्य नाही. ज्या मातीवर गावाचा अभिमान उभा आहे, तीच माती मालक आणि मजूर, शेतकरी आणि बुरुड यांच्यात भिंत उभी करते, हे मिस्त्रालने उत्सवाच्या ऐन मध्यभागी ठेवले आहे. रामूनचा ग्रामाभिमान आणि त्याचा मालमत्तेचा अभिमान हे एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. ज्या अभिमानाने मळा उभा राहिला त्याच अभिमानाने मुलगी मरते. प्रोव्हान्सवरील प्रेमाने ओथंबलेल्या या काव्याचा शेवट प्रोव्हान्समधील घराण्याच्या अभिमानाने ओढवलेल्या मृत्यूत व्हावा, ही गोष्ट पुढील काळातील उत्सवमूर्तींनी सोयीस्करपणे विसरून टाकली.

आणखी एक विसंगती या काव्याच्या प्रकाशनातच दडलेली आहे. 'मिरेयो'च्या पहिल्या आवृत्तीत प्रोव्हान्साल संहितेसमोर कवीनेच केलेले फ्रेंच भाषांतर छापले होते. मेंढपाळांना उद्देशून लिहिलेले काव्य मेंढपाळ वाचू शकत नव्हते. आणि जे वाचू शकत होते त्यांपैकी बहुतेक डाव्या पानावरून उजव्या पानाकडे वळत होते. प्रादेशिक लेखकाचा श्रोता कोण आणि वाचक कोण, हा प्रश्न येथे पहिल्याच पानापासून उभा राहतो. तरीही १८५९ साली हे दोन्ही गट अस्तित्वात होते. वाचता न येणारे असंख्य लोक ऐकले तर समजू शकतील अशी ही भाषा होती, आणि त्यामुळे कवीच्या अभिमानाला पाठीशी उभा असलेला समाज होता.

३

हा समाज प्रत्यक्ष दिसतो तो आल्फाँस दोदेच्या लेखनात. दोदे हा नीम शहरात जन्मलेला, पॅरिसमध्ये स्थायिक झालेला दाक्षिणात्य. मिस्त्रालच्या भेटीवरचे त्याचे लेखन १८६६ साली पॅरिसच्या एका वृत्तपत्रात आले आणि पुढे 'माझ्या पवनचक्कीतील पत्रे' या १८६९ मधील संग्रहात समाविष्ट झाले. एका पावसाळी रविवारी निवेदक पायी मायानला जातो, तेव्हा त्याला कळते की आज गावचा उत्सव आहे. आव्हिन्योंहून वाजंत्री यावयाची आहे, मिरवणूक आहे, बैलांचे खेळ आहेत, रात्री फारांदोल म्हणजे हाताला हात धरून गावभर फिरणारी नाचाची साखळी आहे. घरात मिस्त्राल 'कालेंदाउ' या आपल्या नव्या काव्याची शेवटची कडवी पुरी करीत आहे.

या लेखातील तपशील अर्थपूर्ण आहेत. पॅरिसमध्ये ताठ गळपट्टीत अवघडलेला मिस्त्राल येथे कानावर कललेली फेल्टची टोपी, कमरेला तांबडा शेला अशा नित्याच्या वेशात वावरताना दिसतो. हा वेश पोशाख म्हणून कोणी पाहत नाही, कारण गावातले सगळे तसेच आहेत. जेवण झाल्यावर कवी आपले काव्य वाचून दाखवतो. बाहेर देवळाच्या घंटा, फटाके, पावा आणि ढोल यांचा आवाज चालू असतो, आणि खेळासाठी आणलेले बैल हंबरत असतात. मग कवी वही मिटतो आणि पाहुण्याला घेऊन मिरवणूक पाहावयास जातो. गर्दीतला एक माणूस म्हणून तो उत्सवात सामील होतो. अध्यक्ष म्हणून त्याला कोणी बोलावलेले नाही, त्याचा सत्कार नाही, व्यासपीठ नाही. उत्सवाला कवीची गरज नाही आणि कवीला उत्सवाची. घरातील काव्य आणि रस्त्यावरील गलका यांची भाषा मात्र एक आहे. मिस्त्रालच्या ग्रामाभिमानाचा हा सर्वांत निकोप क्षण म्हणता येईल.

अर्थात दोदेची साक्ष भाबडेपणाने स्वीकारता येत नाही. तो फ्रेंचमध्ये, पॅरिसच्या वाचकासाठी लिहितो आहे. खेडे, पाऊस, चूल, मिरवणुकीतील संतांच्या मूर्ती या सर्वांची त्याने केलेली मांडणी शहरी वाचकाच्या सुखद कुतूहलाला पोसणारी आहे. एके काळी राण्या बोलत असलेली ही भाषा आता फक्त मेंढपाळांना कळते, या अर्थाचे त्याचे विधान हळवे आहे आणि वस्तुस्थितीशी विसंगतही. कारण त्याच्याच वर्णनातील सबंध गाव तीच भाषा बोलते आहे. भाषेचे मरण उघड्या डोळ्यांनी दिसण्यापूर्वीच ती मरणासन्न म्हणून वर्णिली जाऊ लागली होती, आणि या वर्णनाने तिच्या भवितव्याला हातभार लावला असणे अशक्य नाही.

दोदेच्या लेखात आणखी एक व्यक्ती आहे. ती म्हणजे कवीची आई. तिला प्रोव्हान्सालखेरीज दुसरी भाषा मोकळेपणाने बोलता येत नाही, म्हणून फ्रेंच पाहुण्यांसमोर ती वावरत नाही. शिवाय स्वयंपाकघरात तिची गरज आहेच. ज्या भाषेत मिस्त्रालने महाकाव्य लिहिले, तिची खरीखुरी मालकीण पडद्याआड आहे. तिची भाषा तिच्या तोंडी आहे, पण ती पाहुण्याला दिसत नाही. या अदृश्य स्त्रीची आठवण पुढील उत्सवाचा विचार करताना ठेवावी लागेल.

लेखाच्या अखेरीस दोदेने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. फ्रेंच अकादमीने 'मिरेयो'ला तीन हजार फ्रँकांचे पारितोषिक दिले, तेव्हा आईच्या मनात मुलाच्या खोलीच्या भिंती सजवावयाच्या होत्या. मिस्त्रालने हा कवींचा पैसा आहे म्हणून त्याला हात लावू दिला नाही, आणि दारी येणाऱ्या गरजूंसाठी तो खुला ठेवला. दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रतिमा आहे. ले बो येथील जुन्या राजवाड्याचे अवशेष, त्यात चरणारे गाढव, आणि एके दिवशी त्याची डागडुजी करावयास निघालेला एक शेतकऱ्याचा मुलगा, अशी ही कल्पना आहे. तो राजवाडा म्हणजे प्रोव्हान्साल भाषा आणि तो मुलगा म्हणजे मिस्त्राल. पुढील चाळीस वर्षांत पारितोषिक आणि राजवाडा या दोन्ही गोष्टी मिस्त्रालच्या आयुष्यात पुन्हा आल्या, पण निराळ्या रूपात.

४

मध्यंतरी काळ बदलला होता. १८८१–८२ च्या शिक्षणविषयक कायद्यांनी फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. ते फ्रेंचमधून दिले जात होते. शाळेत मातृभाषेचा शब्द तोंडून निघालेल्या मुलाच्या हाती लाकडाचा तुकडा किंवा तसेच एखादे लाजिरवाणे चिन्ह द्यावयाचे, आणि ते त्याने दुसऱ्या अपराध्याला शोधून त्याच्याकडे सोपवावयाचे, ही शिक्षेची पद्धत फ्रान्सच्या अनेक भाषाप्रदेशांत प्रचलित होती. रेल्वे आली, सैन्यातील सक्तीची नोकरी आली, शहरात कामधंदा आला. फ्रेंच ही उन्नतीची वाट झाली. मिस्त्रालने या प्रवाहाला विद्येने उत्तर दिले. १८७८ ते १८८६ या काळात प्रसिद्ध झालेला 'फेलिब्रिजचा ठेवा' हा दोन खंडांचा कोश ओक भाषाकुलातील सर्व बोलींना कवेत घेतो आणि एकट्या माणसाच्या हातून घडलेले कोशकार्य म्हणून तो थक्क करणारा आहे. तथापि या कोशातील अर्थविवरणाची भाषा फ्रेंच आहे. अभिमानाची वस्तू प्रोव्हान्साल आणि ती समजावून सांगण्याचे साधन फ्रेंच, हे 'मिरेयो'च्या दोन पानांचेच पुढचे पाऊल होते.

यानंतरचे पाऊल संग्रहालयाचे होते. १८९९ साली आर्ल येथे मिस्त्रालने 'म्युझेऑन आर्लातेन' हे लोकजीवनाचे संग्रहालय उघडले. शेतीची अवजारे, पाळणे, भांडीकुंडी, दागिने, पोशाख त्याने गोळा केले आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने लिहिल्या. नाताळच्या पूर्वसंध्येचे मळ्यावरील जेवण, बाळंतिणीला भेटावयास आलेल्या बायका असे प्रसंग पूर्णाकृती पुतळ्यांच्या साहाय्याने उभे केले. संग्रहालयाच्या रखवालीला असलेल्या स्त्रियांनी आर्लचा पारंपरिक पोशाखच घालावा, असा त्याचा दंडक होता. १९०४ साली स्पॅनिश नाटककार होसे एचेगाराय याच्याबरोबर त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तो पैसा आर्लमधील लाव्हाल-कास्तेलान या जुन्या प्रासादात हे संग्रहालय नव्याने उभे करण्याकडे गेला. पहिल्या पारितोषिकाचा पैसा दारी येणाऱ्या माणसांकडे गेला होता. दुसऱ्याचा वस्तूंकडे गेला. दोदेच्या प्रतिमेतील राजवाडा भाषेचा होता. हा राजवाडा दगडी होता आणि त्यात भाषेने वापरलेल्या वस्तू होत्या.

याच काळात, १९०३ साली, मिस्त्रालने आर्ल येथे 'फेस्तो व्हिएर्जिनेन्को' म्हणजे कुमारिकांचा उत्सव सुरू केला. पुढल्या वर्षी तो आर्लच्या प्राचीन रोमन रंगमंडलात भरला. आर्लचा स्त्रीवेश वयानुसार बदलतो. लहान मुली साधी टोपी घालतात. वयात आल्यावर केसांचा बुचडा बांधून त्याभोवती मखमली फीत गुंडाळतात. फीत धारण करणे हा तेथील मुलीच्या आयुष्यातील संस्कार मानला जातो. शहरी फॅशनच्या रेट्यापुढे तरुण मुली हा वेश सोडू लागल्या होत्या. त्यांनी तो सोडू नये म्हणून प्रथमच तो धारण करणाऱ्या मुलींना एकत्र करून त्यांचा जाहीर सन्मान करावयाचा आणि त्यांना मिस्त्रालच्या सहीचे प्रमाणपत्र द्यावयाचे, असे उत्सवाचे स्वरूप होते.

या उत्सवात कवीचे स्थान पूर्णपणे बदललेले आहे. १८६६ साली तो गर्दीत होता. १९०३ साली तो उत्सवाचा जनक आणि अध्यक्ष आहे. मायानचा उत्सव कवीवाचूनही झालाच असता. हा उत्सव कवीवाचून झाला नसता. आणि कवीची गरज ज्याला लागते असा उत्सव समाजाला आपोआप सुचत नाही, तो त्याला शिकवावा लागतो. जो अभिमान सहज होता त्याला आता प्रमाणपत्राची जोड द्यावी लागली. शिवाय ज्या वेशाचे जतन करावयाचे तो काही सनातन नव्हता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो पिढीगणिक बदलत आला होता; बदलत राहणे हीच त्याच्या जिवंतपणाची खूण होती. जतनाच्या प्रयत्नाने विसाव्या शतकाच्या आरंभीचे त्याचे रूप हे त्याचे 'खरे' रूप ठरले. वेश गोठला आणि गणवेश झाला.

उत्सवाच्या केंद्रस्थानी मिरेयोची स्मृती होती, ही यातील सर्वांत मोठी विसंगती. लहान मुलींच्या वेशाला तर तेथे 'मिरेय' हेच नाव पडले आहे. ज्या मुलीने बापाची आज्ञा मोडली, घराण्याचा अभिमान झुगारला, मध्यरात्री घर सोडले, ती आता आईआजीचा वेश निष्ठेने चालवणाऱ्या मुलींचा आदर्श झाली. 'मिरेयो'च्या आठव्या सर्गात, घर सोडण्यापूर्वी मिरेयो काळोखात आपला उत्तम पोशाख चढवते, त्याचे कवीने मन लावून वर्णन केले आहे. पण त्याच ठिकाणी कवी सांगतो की उन्हापासून डोके वाचवणारी रुंद काठाची टोपी घ्यावयास ती विसरली. पुढे कामार्गच्या प्रदेशात ती कोसळते ती यामुळेच. पोशाखाचे सौंदर्य आणि त्याची अपुरेपणाची जाणीव ही काव्यात एकाच श्वासात आलेली आहेत. उत्सवाने सौंदर्य घेतले आणि ऊन वगळले.

दोदेच्या लेखातील आईशी या मुलींची तुलना केल्यास बदल नेमका कोठे झाला ते कळते. आई बोलत होती, पण दिसत नव्हती. रंगमंडलात उभ्या असलेल्या मुली हजारो लोकांना दिसत होत्या. त्यांच्याकडून अपेक्षा होती ती दिसण्याची. भाषा बोलण्याबद्दल प्रमाणपत्र नव्हते, वेशाबद्दल होते. याचा अर्थ मिस्त्रालला भाषेची किंमत कळेनाशी झाली होती असा नाही. कोशकाराबद्दल असे म्हणणे हास्यास्पद होईल. शाळा त्याच्या हाती नव्हती. राज्यसंस्थेच्या विरोधात उघड राजकीय लढा देण्याची त्याची वृत्तीही नव्हती. १९०७ साली दक्षिणेतील द्राक्षमळेवाल्यांचे प्रचंड आंदोलन उसळले, तेव्हा पुढाऱ्यांनी बोलावूनही तो मोंपेलिये येथील सभेला गेला नाही. शाळा आणि राजकारण हे दोन्ही मार्ग बंद, किंवा त्याने स्वतःपुरते बंद केलेले, असताना जे हाताशी उरले ते त्याने धरले. भाषा सक्तीने काढून घेता येते. पोशाख निदान सणाच्या दिवशी तरी घालता येतो. पराभवाच्या जाणिवेतून आलेली ही व्यवहारबुद्धी होती.

१९०९ साली 'मिरेयो'ला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने आर्लच्या फोरम चौकात मिस्त्रालच्या हयातीतच, त्याच्या उपस्थितीत, त्याचा पुतळा बसवण्यात आला. हातावर कोट, हातात काठी अशा वेशातील आपला पुतळा पाहून आता फक्त प्रवासाची पेटी तेवढी उणी आहे, असे तो म्हणाल्याची आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातील उपरोध मार्मिक आहे. बहुतेक आयुष्य गावीच घालवलेला कवी पुतळ्यात प्रवासाला निघालेला दिसतो. ज्या गावाचा तो अभिमानी होता त्या गावातून तो उत्सवाच्या प्रदेशात निघून गेला होता.

५

मिस्त्रालच्या मृत्यूनंतर या अभिमानाचा वापर कसा झाला, हे त्याच्या वाङ्मयीन मूल्यमापनाच्या दृष्टीने दुर्लक्षिता येत नाही. १९४० च्या सप्टेंबरात, त्याच्या जन्माच्या एकशेदहाव्या वर्षी, मार्शल पेतँने त्याचा गौरव करून त्याला आपल्या माती-घराणे-परंपरावादी राजवटीचा पूर्वसूरी ठरवले. दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच काळात आर्लमधील त्याचा ब्राँझचा पुतळा धातूसाठी वितळवला गेला; तो १९४८ साली पुन्हा उभारला गेला. शब्दाने गौरव आणि धातूने विसर्जन, असा हा योगायोग आहे. 'मिरेयो'तील रामूनचा अभिमान कवीने शोकात्म म्हणून रंगवला होता. राजवटीने तोच अभिमान आदर्श म्हणून उचलला. उत्सवाने काव्याचे वाचन मागे टाकले नसते, तर हे इतके सहज घडले नसते.

तरीही या इतिहासाला अधःपाताची सरळ रेषा समजणे अन्यायाचे होईल. १९५१ साली फ्रान्समध्ये देशोन कायद्याने ओक भाषेसह काही प्रादेशिक भाषांना शाळेत ऐच्छिक विषय म्हणून मर्यादित प्रवेश मिळाला. पण तोवर घराघरांतील परंपरा खंडित होत आली होती. युनेस्कोच्या संकटग्रस्त भाषांच्या नकाशावर प्रोव्हान्सालची नोंद गंभीर धोक्यातील भाषा म्हणून झालेली आहे. कुमारिकांचा उत्सव मात्र चालू आहे. १९३० साली 'आर्लची राणी' निवडण्याची प्रथा सुरू झाली. आज या पदाच्या उमेदवार तरुणीकडून पोशाखाच्या ज्ञानाबरोबर प्रोव्हान्सच्या इतिहासाचे, वाङ्मयाचे आणि भाषेचेही ज्ञान अपेक्षिले जाते. म्हणजे मिस्त्रालच्या प्रमाणपत्रात जे नव्हते ते येथे उशिरा, परीक्षेच्या रूपाने का होईना, परत आले आहे. वेशाच्या आश्रयाने भाषेचा काही अंश टिकला, हे मान्य करावे लागते. त्याच वेळी हेही मान्य करावे लागते की आजीच्या तोंडून आलेली भाषा आणि परीक्षेसाठी शिकलेली भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भांडण करता येते, मागणी घालता येते, नकार देता येतो; दुसरीत प्रामुख्याने अभिमान व्यक्त करता येतो. 'मिरेयो'चा सातवा सर्ग पहिल्या भाषेवाचून संभवत नाही.

मिस्त्रालच्या या प्रवासातून निघणारा प्रश्न प्रोव्हान्सपुरता मर्यादित नाही. कोणत्याही भाषेत 'प्रादेशिक' साहित्याची चर्चा करताना सणवार, पेहराव, खाद्यपदार्थ, बोलीतील निवडक शब्द यांची यादी करून स्थानिकता सिद्ध करण्याचा मोह समीक्षेला होतो, आणि मराठी समीक्षाही त्याला अपवाद नाही. असे करणारी समीक्षा नकळत १९०३ च्या उत्सवाचीच रीत गिरवते. साहित्यकृतीत जे पाहण्याजोगे आहे त्याला ती प्रमाणपत्र देते आणि जे ऐकण्याजोगे आहे ते निसटू देते. मायानच्या कवीचा खरा ग्रामाभिमान त्याने ज्यांचा सन्मान केला त्या फितींमध्ये शोधून सापडणार नाही. होळीच्या उजेडात, दोन म्हातारे एकमेकांना आपापल्या भाषेच्या पूर्ण ताकदीने टाकून बोलतात आणि त्यांची मुलगी ते ऐकते, तेथे तो आहे. गावाची थोरवी आणि गावाचा निष्ठुरपणा एकाच भाषेत सांगण्याची ताकद त्या अभिमानात होती. २०२१ साली दीर्घ नूतनीकरणानंतर 'म्युझेऑन आर्लातेन' पुन्हा उघडले. तेथील नाताळच्या मेजवानीभोवती बसलेले पुतळे जागचे हलत नाहीत. त्यांचे कपडे अचूक आहेत, ताटे मांडलेली आहेत, आणि ते एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत.